बाबांचा झेला

आमच्या घरात त्याला व्हिडिओ गेम कुणी म्हणत नसे. म्हणणार तरी कोण, तो शब्दच वाडीत कुणाला ठाऊक नव्हता. बाबांनी मुंबईहून आणलेल्या पेटीतून, लुंगीत गुंडाळलेली ती वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली तेव्हा मला ती कंपासपेटीच वाटली. तळहाताएवढी, चपटी, मधे काचेची खिडकी आणि दोन बाजूंना दोन बटणं. खिडकीत एक झाड रंगवलेलं आणि झाडाखाली टोपली घेतलेला एक काळा माणूस. बटण दाबलं की माणूस सरके, झाडावरून फळ टपके आणि ते टोपलीत पडलं की पीप असा आवाज होई. ते फळ खरं तर सफरचंद होतं, पण सफरचंद आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. झाडावरून पडतात ते आंबे, आणि आंबा न पाडता उतरवायचा तर हवा झेला, काठीच्या टोकाला जाळी बांधलेला. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्या यंत्राचं नाव झेला ठेवलं आणि तेच राहिलं. जमिनीवर आपटलेला हापूस पेटीत भरत नाहीत, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही समजतं, त्यामुळे खेळ कुणाला शिकवावा लागला नाही.

बाबा मुंबईला गिरणीत होते. वाडीतले निम्मे बापये तिकडेच असत. शिमग्याला आणि गणपतीला तेवढे यायचे, नवीन कपड्यांचा आणि खोबरेल तेलाचा वास घेऊन. बाकीचं वर्षभर आमची वाडी म्हणजे बायका, म्हातारे आणि पोरं. त्या वर्षी बाबा सणावाराशिवायच आले. गिरण्यांचा संप चालू होता. त्यांच्या खोलीत जहाजावर काम करणारा एक खलाशी राहत असे, खोली रिकामी करताना त्याने हा खेळ 'तुझ्या पोरीला दे' म्हणून दिलेला. सुरुवातीला सगळ्यांना ती सुट्टीच वाटली. आईने तर बाबा आले म्हणून ठेवणीतले सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, काढले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कुळथाच्या पिठीला चांगली लसणाची फोडणी दिली. शेजारची काकी कुंपणावरून विचारी, "कवा जाताव परत?" आणि बाबा म्हणत, "संप मिटला की." हे ते इतक्या सहज म्हणायचे की एस्टी पंक्चर झालीय, चाक बदललं की निघेल, असं वाटावं.

तर झेला. पहिल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत जत्रा भरायची. शेतातून चिखलाच्या पायांनी आलेली पोरं कठड्यावर ओळीने बसत आणि 'आता माझी बारी' म्हणून एकमेकांना ढकलत. तीन फळं पडली की बारी संपली. पडलेलं फळ फुटायचं आणि झाडाच्या बुंध्याशी बसलेला उंदीर हसायचा, त्या उंदरावर आमचा फार राग. मी मालकीण असल्यामुळे माझा रुबाब काय विचारता! ज्याने मला शाळेत चिडवलं त्याची बारी मी सरळ शेवटी टाकत असे. खेळणाऱ्याच्या मागे सगळे श्वास रोखून उभे, बाहेर पागोळ्यांची धार, आतून धुरकटलेल्या चुलीवर पेजेची रटरट आणि मधूनच पीप, पीप. मला आजही कुणाच्या घरी ओव्हनचा तसला आवाज झाला की पावसाचा वास येतो.

आणि मग एक दिवस काकीच्या सुरेशने आकडा भरवला. खिडकीच्या कोपऱ्यात मोजणी चाले, तिथे सगळीकडे नऊ आले. आम्हाला वाटलं आता काहीतरी होणार. झाड हलेल, माणूस नाचेल, निदान उंदीर तरी मरेल. सुरेशने पुढचं फळ झेललं आणि आकडा शून्यावर आला. तोच माणूस, तीच टोपली, पहिल्यासारखं हळूहळू टपकणारं फळ. सुरेश म्हणाला, "म्हंजे ह्याला शेवटच नाय?" आणि यंत्र माझ्या मांडीवर टाकून विटीदांडू खेळायला गेला. त्याच्यामागून हळूहळू सगळे गेले. मीही हट्टाने काही दिवस खेळले, पण फळं कुठल्या फांदीवरून कशी पडतात ते मला पाठ झालं होतं. डोळे मिटले तरी अंगठे बरोबर चालायचे. मजा त्यातून निघून गेली होती, लोणी काढून घेतल्यावर नुसतं ताक राहतं तसं. सागरगोटे मात्र मी त्याच जागी, त्याच मैत्रिणींशी, लग्न होईपर्यंत खेळले आणि कधी कंटाळले नाही. तिथे समोर भांडायला कुणीतरी असे, त्यामुळे असेल.

पुढे मी बालवाडीत शिकवलं, उभा जन्म शिकवलं. तिथली पोरं रोज तीच गोष्ट मागायची. मीच कंटाळून कोल्ह्याच्या जागी लांडगा घातला तर माझ्यावर डोळे वटारायची. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असे आणि तेच त्यांना हवं असे. मोठी माणसं म्हणतात, पुन्हा पुन्हा केलं की गोडी जाते. जाते ना, माझी गेलीच की. पण काही माणसं गोडीसाठी पुन्हा पुन्हा करत नाहीत, हे मला बालवाडीत कळलं आणि कळल्यावर पहिल्यांदा बाबांची आठवण झाली.

कारण पोरांनी टाकलेला झेला बाबांनी उचलला. आधी गंमत म्हणून, पडवीत बसल्या बसल्या. मग सकाळची पेज झाली की. मग पेजेच्या आधी. खिडकीला आतून उजेड नव्हता, म्हणून ते पडवीच्या कडेला, खळ्याकडे तोंड करून बसत आणि ऊन सरकेल तसे सरकत. आम्ही घड्याळाऐवजी बाबा कुठे बसलेत ते बघू लागलो. पहिल्या कठड्याशी असले की शाळेची वेळ, तुळशीसमोर असले की जेवणाची. ते हरले तरी चिडत नसत आणि आकडा भरला तरी खूश होत नसत. शून्य आलं की मान किंचित हलवायची आणि पुढे. एकदा मी विचारलं, "बाबा, तोच तोच खेळ, कंटाळा नाय येत?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "येतो गो. पण कंटाळा कामाचा असला तर बरा असतो. बिनकामाचा लय वायट."

तेव्हा मला वाटलं ते माझी थट्टा करतात. गिरणीत बाबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. गिरणीतली माणसं मागाला साचाच म्हणत. एका माणसाने एका वेळी अनेक साचे सांभाळायचे. नजर या साच्यावरून त्या साच्यावर फिरती ठेवायची, कुठे धागा तुटला की धावायचं, गाठ मारायची, साचा परत चालू करायचा. दिवसभर हेच आणि वर्षानुवर्षं हेच. माणूस याला विटेल असं कुणालाही वाटेल. बाबा विटले नव्हते. जेवताना ते साच्यांबद्दल असे बोलत, जसं दुसरं कुणी आपल्या बैलांबद्दल बोलेल. कुठला आडमुठा, कुठला समजूतदार. झेल्यातल्या फांद्यांवरून त्यांची नजर तशीच फिरताना मी पाहिली आहे, ओठ किंचित हलत असायचे. त्यांच्यासाठी ते खेळणं नव्हतंच.

आईला हे काही दिसत नव्हतं, आणि का दिसावं? तिला दिसत होता भर पावसात कठड्यावर बसलेला धडधाकट नवरा. लावणीला ती कमरेत वाकलेली आणि हे पीप, पीप. त्या यंत्राला ती 'ती अवदसा' म्हणायची. "अवो, पोरांनी टाकलान ता खेळणा, आणि तुमी काय धरून बसलाव?" बाबा शांतपणे म्हणायचे, "संप मिटला की जातंय ना." पुढे पुढे त्या वाक्याचंही तसंच झालं. बोलणाऱ्यालाही पाठ आणि ऐकणाऱ्यालाही.

शेवटी आईने आपल्या भावाला निरोप धाडला. माझा मामा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात होता. वाडीपासून एस्टीने फार लांब नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मामा आला, फणसाची भाजी आणि भाकरी पोटभर जेवला आणि पान लावता लावता म्हणाला, "भावजी, सायबाशी बोललोय. माणूस पायजे हाय त्यांना. उद्या माज्यासंगती चला, बाकी माज्यावर सोडा." बाबा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तेव्हा आईनेच तोड काढली. देवीला कौल लावू, ती सांगेल तसं करू. बाबा याला लगेच तयार झाले. आमच्याकडे घर बांधायचं, मुलगी द्यायची, विहीर खणायची, सगळं देवीला विचारून. देवी सांगते त्यावर मग वाद राहत नाही.

सकाळी आम्ही चौघं आवरून निघालो. बाबांनी मुंबईचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधली होती, कारण देवळातून परस्पर एस्टीच्या थांब्यावर जायचं ठरलं होतं. तो डबा पाहून मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. बाप डबा घेऊन कामावर जातो आणि संध्याकाळी घरी येतो, असं मी फक्त शाळेतल्या मास्तरांच्या घरी पाहिलं होतं. देवळात भिकू गुरवाने वाघजाईला आंघोळ घातली, तांदळाचे दाणे ओले करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. उजवीकडचा दाणा आधी सुटला तर देवीचा होकार, डावीकडचा सुटला तर नकार. "हे आई वाघजाय, हा तुजा लेकरू तुज्या पायाशी आलाय," गुरव म्हणाला आणि बाबांकडे वळला, "बोल रे, काय इचारायचा ता."

बाबा हात जोडून पुढे झाले. "माजा काम परत चालू होईल काय, तेवडा सांग."

आम्ही मागे उभे. आईचे डोळे मिटलेले, मामाचे देवीवर. मला तर तो दाणा सोडून जगात काही दिसतच नव्हतं. आणि उजवा दाणा सुटला. डावा जागचा हललासुद्धा नाही. "उजवा दिलान!" गुरव ओरडला. आईने पदराने डोळे पुसले, मामाने देवळातली घंटा वाजवली. थांब्यापर्यंत आम्ही अक्षरशः हसत गेलो. मामा बाबांना कारखान्यातल्या चहावाल्याच्या गमती सांगत होता आणि बाबाही हसत होते. संप सुरू झाल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

एस्टी आली. मामा चढला आणि दारातून हात पुढे करून म्हणाला, "या, भावजी."

"तू जा," बाबा म्हणाले. "माज्या कामाचा देवीनं सांगितलान ना. चालू होणार हाय. मग मिरजोळ्यास कशाला जाव?"

आईला आधी कळलंच नाही. "अवो, ह्याच कामाचा इचारलाव ना?"

"ह्या? ह्या कामाचा कशाला इचारीन?" बाबांना खरोखरच नवल वाटलं होतं. "माजा काम गिरणीतला."

कंडक्टरने घंटी मारली. मामा दारात तसाच उभा, त्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तो नंतर पुष्कळ दिवस आमच्याकडे आला नाही. आई रस्त्याच्या कडेला बसली. बाबांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही घरी येऊन ती भाकरी खाल्ली.

या प्रसंगावर मी आयुष्यभर विचार केला आहे. देवीला दोष द्यावा तर ती बिचारी काय करणार, तिला विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं. बाबांनी लबाडी केली म्हणावं तर त्यांच्या मनात तो विचारही शिवला नव्हता. आईने 'काम' म्हटलं की तिला चुलीवरचं भांडं दिसे, बाबांना साचे दिसत. इतकी वर्षं संसार केलेल्या दोन माणसांच्या डोक्यात एका साध्या शब्दाचे दोन अर्थ होते आणि ते कळायला देऊळ गाठावं लागलं. आई नंतर एकटीच गुरवाकडे गेली होती, पुन्हा कौल लाव म्हणून. गुरवाने ऐकलं नाही. "दिलेला कौल परत लावायचा नाय, बायो. देवीला खोटी पाडायची काय?" झेल्यात बरं असतं, तीन फळं पडली तरी बटण दाबलं की नवा डाव.

होकार मिळाल्यावर बाबा बदलले, पण आम्हाला हवे होते तसे नाही. आता ते निर्धास्त बसू लागले. पूर्वी संपाची बातमी विचारायला थांब्यावर तरी जायचे, तेही थांबलं. देवीने सांगितलंय म्हटल्यावर विचारायचं काय? आई आंब्याच्या हंगामात कॅनिंगच्या कारखान्यात जाऊ लागली. रोज आमरसात हात घालून घालून तिच्या बोटांची सालं निघत. घरी आली की ती हात खोबरेल लावून उताणे मांडीवर ठेवी आणि डोळे मिटून बसे. मी भात टाकायला शिकले. पडवीत पीप, पीप चालूच, घड्याळाचे सेल तेवढे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याकडून मागवत. शिमगे आले, गेले. मुंबईचे लोक पालखी नाचवायला यायचे, ते हळूहळू मुंबईचे राहिले नव्हते. कुणी रिक्षा घेतली, कुणी लोट्याला केमिकलच्या कारखान्यात लागला, कंपनीच्या बसने शिफ्टला जाऊ लागला. बाबा त्यांना म्हणायचे, "घाई केलाव."

मग एका आंब्याच्या हंगामात दत्ताराम आला, बाबांच्याच खात्यातला, त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा. पडवीत बसून त्याने चहा घेतला आणि बशी खाली ठेवताना सांगितलं, "आपले साचे भंगारात गेले. मी सोता बगितला. ट्रकात घालत होते." बाबांनी विचारलं, "सगळे?" तो म्हणाला, "सगळे. शेड मोकळी हाय. कबुतरा शिरलीत." बाबा त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः तो मुंबईचा शर्ट काढला. कॉलर विरली होती. कारखान्यात जायला निघालेल्या आईला म्हणाले, "थांब, मीपण येतंय. मिरजोळ्यास बगून येतो." आईने घाईघाईने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी काढून त्यांना बांधून दिली. दोघं पुढेमागे चालत वळणाआड गेली आणि मी दारात उभी राहून देवीला हात जोडले. बाकी काही मागितलं नाही, फक्त हे काम म्हणजे हेच काम, असं दोनदा नीट समजावून सांगितलं.

दुपारी बाबा एकटे परतले. पाय धुतले, पडवीत बसले. मी पाणी दिलं. ते स्वतःहूनच बोलले, कुणा तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसं. "सायेब बरा होता. इचारलान, काय काम येता? म्हटला, सगळी हयात साचे चालवलेत. तो लय खूश झाला. म्हणाला, साच्यावरचा माणूसच शोधतोय. आत घेऊन गेला, मशिनीसमोर उभा केलान. चालवा म्हणाला." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बायो, त्यांच्यात साचा म्हंजे वेगळा. तापवलेला प्लास्टिक ओततात ना, त्याला साचा म्हणतात. मी धागा कुठं हाय ता बगतोय."

"मग?"

"मग काय. हसला तो. वायट नाय हसला. वय इचारलान आणि चहा पाजलान."

मला रडू आलं, आणि रागही आला, कुणावर ते आजतागायत ठरवता आलेलं नाही. बाबांनी खिशातून झेला काढला. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात तो त्यांनी तिकडेही नेला होता.

संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती, नारळाच्या झावळीचं एकेक पातं जाळात सारत होती. मला वाटलं आता ती भांडेल. इतकी वर्षं अडवून ठेवलेलं सगळं आज बाहेर काढील. मी तर मनातून वाटच बघत होते, कारण आई भांडते तोवर तिला काहीतरी हवं असतं हे मला माहीत होतं. तिने भात चुलीवर ठेवला, हात पुसले आणि पडवीत गेली. बाबा अगदी कडेला, उरलेल्या उजेडात यंत्र तिरकं धरून बसले होते. आई आल्याचं पाहून त्यांनी ते पटकन मांडीखाली घेतलं. ती त्यांच्या शेजारी बसली. त्या यंत्राच्या इतक्या जवळ मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"किती झाले?" तिने विचारलं.

बाबांनी यंत्र मांडीखालून बाहेर काढलं. मग ते म्हणाले, "पडले. तिनी पडले."

"मग परत चालू करा," आई म्हणाली. "मला दाखवा कसा खेळतात तो."

बाबांनी चालू केला. फळ या फांदीवरून पडेल, आता त्या, असं ते तिला आधीच सांगत होते आणि ती मान हलवत होती. मी उंबऱ्यात उभी होते. आमच्या घरातली आशा एकट्या आईच्या जिवावर चालली होती आणि तिने ती खाली ठेवली, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यानंतर बाबांनी कुठे जावं असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. आतून भात करपल्याचा वास आला. आईला तो आला नसेल असं नाही, पण ती उठली नाही, म्हणून मग मीच आत गेले.